मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीसाठी अ‍ॅक्युपंक्चर घेताय? या चुका टाळा

माझा धाकटा भाऊ बांधकामावर परांचीवरून पडला. मार डी फोरला, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्याला, छातीखाली काहीच कळत नाही. लघवीसाठी अ‍ॅक्युपंक्चर सुरू केलं तेव्हा आमच्याकडून ज्या चुका झाल्या त्या तुमच्या घरात होऊ नयेत म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक, लघवी काढायची नळी (कॅथेटर) बंद केली. आठव्या सिटिंगनंतर एका सकाळी त्याला आपोआप लघवी झाली, आईने रडत देवापुढे साखर ठेवली आणि सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की आता कॅथेटर नको. पण आपोआप होणं वेगळं आणि मूत्राशय रिकामं होणं वेगळं हो! असा वरचा मार असला की मूत्राशय आपल्या मनाने आवळतं, पण बऱ्याचदा खालचा झडपेचा स्नायूही त्याच वेळी आवळतो, मग थोडी बाहेर येते, बाकीची दाबाखाली आतच राहते आणि तो दाब किडनीवर जातो. नऊ दिवसांत थंडी वाजून ताप भरला, सोनोग्राफीत लघवी झाल्यावरसुद्धा ३८० मिली शिल्लक आणि दोन्ही किडन्यांना सूज. म्हणून सांगते, सुया चालू असल्या तरी दर ४ ते ६ तासांनी नळी घालायचीच, एका वेळी ५०० मिलीच्या वर साचू द्यायचं नाही. आपोआप झाली तर लगेच नळी घालून उरलेली मापाच्या भांड्यात मोजा आणि वहीत लिहा. नळी कमी करायची का ते युरॉलॉजिस्ट युरोडायनॅमिक टेस्ट (मूत्राशयातला दाब मोजायची तपासणी) बघून ठरवतील, आपण नाही. आणि पोट दाबून लघवी काढायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, आतला दाब अजून वाढतो.

दुसरी गोष्ट शेक. सुयांबरोबर मोक्सा (जळत्या औषधी पाल्याचा शेक) किंवा लाल दिवा लावतात. भावाला चटका कळलाच नाही, घरी येऊन कूस बदलताना बघितलं तर माकडहाडाच्या वर रुपयाएवढा फोड. भरायला अडीच महिने गेले. जिथे संवेदना नाही तिथे शेक नकोच म्हणून स्पष्ट सांगा. सुया लावताना मोजा, काढताना परत मोजा, कारण राहिलेली सुई पेशंटला टोचणार नाही. सुया पाकीट समोर फोडलेल्या, एकदाच वापरायच्या हव्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पेसमेकर असेल तर सुयांना करंट नको. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आणि कौन्सिल आहे, नोंदणी विचारायला लाजू नका.

मार डी सिक्स किंवा त्याच्या वर असेल तर हे नीट वाचा, अशा पेशंटचं बीपी अचानक चढू शकतं. भरलेल्या मूत्राशयाने सिटिंगला जायचं नाही, आधी नळीने रिकामं करा. मध्येच डोकं ठणकायला लागलं, तोंड लाल झालं, मानेवर घाम फुटला तर सुया आणि करंट लगेच बंद, पेशंटला उठवून बसवा, कपडे आणि पट्टे सैल करा, लघवी काढा, कायमची नळी असेल तर ती कुठे मुडपली किंवा तुंबलीये का बघा. बीपी मोजा. ज्याचं वरचं बीपी एरवी ९०-१०० असतं त्याला १३० पण खूप झालं. उतरत नसेल तर थांबू नका, थेट हॉस्पिटल.

अपेक्षेबद्दल. सुया बहुतेक माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या छिद्रांवर आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूला लावतात, मूत्राशयाच्या नसा एस टू ते एस फोर, म्हणजे त्याच हाडाच्या दुसऱ्या ते चौथ्या छिद्रांमधून येतात म्हणून. अभ्यास झालेत पण बरेचसे चीनमधले, छोटे, आणि पुष्कळांत कॅथेटर वगैरे नेहमीची ट्रीटमेंट सोबत चालूच होती. त्यामुळे तुटलेली नस जुळेल असं कोणी सांगत असेल तर पैसे भरू नका. सुरू करायच्या आधी ३ दिवस वही लिहा, किती प्यायलं, किती निघाली, किती वेळा गळली. १० सिटिंगनंतर परत ३ दिवस. फरक नसेल तर बंद करा, ते पैसे कॅथेटरला लागतील.

भावाची गळती दिवसाला चारवरून एकवर आलीये. सुयांनी की मूत्राशय शांत ठेवायच्या गोळीने ते सांगता येत नाही, कारण आम्ही दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केलं. तुम्ही तसं करू नका, मध्ये निदान महिनाभर अंतर ठेवा, आणि गोळी आधी.