‘बाई, माझं शून्य आलं’: मुलांना रीत शोधायला शिकवताना

मी सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. शनिवारी आमची शाळा सकाळची. त्यातले दोन तास मी गेली काही वर्षं एकाच कामासाठी राखून ठेवते: मुलांनी रीत स्वतः शोधायची, ती कागदावर लिहायची आणि तो कागद दुसऱ्याच्या हातात देऊन ती कुठे मोडते ते बघायचं. संगणक लागत नाही. चौकटीच्या वह्या, कात्र्या, एक तराजू आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या एवढ्यावर आमचं वर्ष निघतं.

ठरलेल्या पायऱ्यांनी काम करायच्या रीतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. वर्गात मी ‘रीत’च म्हणते. हातच्याची वजाबाकी ही रीत, मोठा भागाकार ही रीत. मुलं या रीती पहिलीपासून चालवत असतात, पण त्या कुणीतरी डोकं खाजवून शोधल्या असतील हे त्यांच्या मनात येत नाही. ते यावं म्हणून हा सगळा खटाटोप.

वर्षभर तीनच प्रश्न तोंडात ठेवायचे: ‘कसं केलंस?’, ‘दरवेळी चालेल का?’, ‘कमी पायऱ्यांत होईल का?’ उत्तर बरोबर असलं तरी विचारायचे. एरवी मुलांचा समज होतो की बाईंनी ‘कसं केलंस’ विचारलं म्हणजे आपलं चुकलं, आणि ती लगेच खोडरबर शोधायला लागतात.

पहिले दोन शनिवार: रांगोळी

सुरुवात ठिपक्यांच्या रांगोळीने करा. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या वहीत चित्र असतं, दुसऱ्याची वही कोरी. पहिल्याने फक्त बोलायचं, दुसऱ्याने ऐकून रेघा ओढायच्या. उलट प्रश्न विचारायचा नाही. पहिल्या दिवशी ‘थोडं खाली ये’, ‘मग तिकडं वळ’ असंच चालतं आणि चित्राचा पार बट्ट्याबोळ होतो. होऊ द्या, मध्ये पडू नका. दहा मिनिटांनी मुलंच म्हणतात, ‘थोडं म्हणजे किती ठिपके ते सांगायला पाहिजे.’

मग आम्ही दोनच आज्ञा ठेवतो: ‘पुढे’ (किती ठिपके ते सांगून) आणि ‘उजवीकडे वळ’. एवढ्यात चार तावदानांची खिडकी काढायची. साधी खिडकी, पण आज्ञा लिहीत गेलं की छत्तीस ओळी होतात. लिहून लिहून हात दुखायला लागला की कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, तेच तेच आहे, चार वेळा असं लिहिलं तर चालेल का?’ या प्रश्नाची वाट बघायची, तो आपण आधी सांगून टाकायचा नाही. मग फळ्यावर येतं:

तावदान: ‘पुढे २, उजवीकडे वळ’ हे ४ वेळा.
खिडकी: ‘तावदान काढ, उजवीकडे वळ’ हे ४ वेळा.

छत्तीस ओळींचं काम दोन ओळींत. एकदा केलेल्या कामाला नाव द्यायचं आणि पुढे नुसत्या नावाने ते काम सांगायचं, ही गोष्ट मुलांना इथे हाताला लागते. घरी करायचं असेल तर आई आणि मूल जेवणानंतर पंधरा मिनिटांत करू शकतात. मात्र वही आईच्या हातात द्या आणि सांगायचं काम मुलाकडे.

संख्या ओळखायची

हा खेळ बहुतेकांना माहीत असतो. मी १ ते १०० मधली एक संख्या मनात धरते, मुलांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. आधी ‘सदतीस का?’, ‘नव्वद का?’ असे अंदाज येतात. नंतर कुणाला तरी ‘पन्नासपेक्षा मोठी का?’ सुचतं आणि सात प्रश्नांत खेळ संपतो.

इथे माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी घाई होती म्हणून मीच सांगून टाकलं, ‘अर्ध्यावर विचारा.’ पुढच्या शनिवारी १ ते ४० घेतले, तर अर्ध्या वर्गाने पहिला प्रश्न विचारला, ‘पन्नासपेक्षा मोठी का?’ मुलांनी पन्नास पाठ केलं होतं, अर्धं करणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आता मी प्रत्येक उत्तरानंतर फळ्यावर फक्त ‘अजून किती संख्या उरल्या’ ते लिहिते. सदतीसला ‘नाही’ आलं की १०० च्या ९९ होतात. ‘पन्नासपेक्षा मोठी का’ला काहीही उत्तर आलं तरी ५० उरतात. पुढे जास्तीत जास्त २५, १३, ७, ४, २, १. ही उतरंड डोळ्यांनी बघितलेलं मूल १००० पर्यंतच्या संख्येला किती प्रश्न लागतील ते स्वतः काढतं. उत्तर दहा येतं आणि पहिल्यांदा ते कुणालाच खरं वाटत नाही. मग शब्दकोश हातात द्यावा आणि एक शब्द शोधायला सांगावा.

बाटल्या आणि कांदे

आठ सारख्या पांढऱ्या बाटल्यांत कमीजास्त वाळू भरा. बाहेरून फरक कळता कामा नये. तराजूवर एका वेळी दोनच बाटल्या ठेवायच्या, वजनं वापरायची नाहीत, आणि हलकीपासून जडपर्यंत रांग लावायची. एका मुलाने किती वेळा तोललं याची नुसती मोजणी ठेवायची. मुलं बहुधा शेजारशेजारच्या बाटल्या तोलून अदलाबदल करत जातात, नाहीतर प्रत्येक बाटली बाकी सगळ्यांशी तोलून बघतात. या दुसऱ्या रीतीने २८ वेळा तोलावं लागतं. का ते सहावीला विचारा: ७+६+५+४+३+२+१.

मग तिसरा प्रश्न: कमी पायऱ्यांत होईल का? आमच्याकडे याचं उत्तर पाण्याच्या टाकीपाशी सापडलं. मधल्या सुट्टीत दोन रांगा लावून आलेल्या मुलांची उंचीप्रमाणे एक रांग करायची होती. तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘फक्त पुढच्या दोघांना बघायचं, जो बुटका तो पुढे.’ तेच आम्ही बाटल्यांवर केलं. आधी चार जोड्या लावायच्या, चार वेळा तोलून. दोन जोड्यांची एक चौकडी करायला जास्तीत जास्त तीनदा तोलायचं, म्हणजे दोन चौकड्यांचे सहा. शेवटी दोन चौकड्यांची एक रांग, जास्तीत जास्त सात. एकूण १७. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्ग गप्प झाला होता.

त्याच तासाला एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या कांद्याच्या चाळीवर असं नाही करत.’ तिच्या घरी कांदा निवडतात. तिथे एक कांदा दुसऱ्याशी लावून कुणी बघत नाही. हातात आला की सरळ मोठा, मध्यम किंवा गोल्टी (बारीक कांदा), तीन ढिगांपैकी एकात. प्रत्येक कांदा एकदाच हातात घ्यायचा, काम संपलं. ही वेगळीच रीत आहे आणि नेमकी रांग नको असेल तिथे ती सगळ्यात भारी पडते. मुलांच्या घरी असल्या रीती भरपूर असतात, फक्त वर्गात त्या सांगायच्या असतात हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून मुद्दाम विचारा: घरी वाटे कसे घालतात, शेतात पाण्याची पाळी कशी लावतात, दुकानात सुट्टे पैसे परत कसे देतात. पाचवीच्या शिष्यवृत्तीची तयारी बुडेल ही काळजी मलाही होती. पण बुद्धिमत्ता चाचणीतल्या क्रम लावण्याच्या प्रश्नांत हीच मुलं अडखळेनाशी झाली, तेव्हा ती काळजी गेली.

कापरेकरांची रीत

आता माझ्या सगळ्यात आवडीचा धडा. याला किमान तीन शनिवार द्या.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, १९३० पासून १९६२ पर्यंत. देवळाली आमच्याच जिल्ह्यातली. मुलांना हे आधी सांगते, कारण शाळेत शिकवता शिकवता एखाद्याने जगभर माहीत झालेली संख्या शोधली ही गोष्ट त्यांना जवळची वाटते. त्यांची रीत अशी: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच.

३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे किती वेळा करा, ६१७४ च येते.

हे सगळं सांगू नका. फक्त रीत सांगा आणि प्रत्येकाला आपापली संख्या निवडू द्या. थोड्या वेळाने कोपऱ्याकोपऱ्यातून ‘माझं पण तेच आलं’ असा ओरडा सुरू होतो. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. त्यामुळे आठ वजाबाक्या करूनही जो पोचला नाही त्याची कुठेतरी वजाबाकी चुकली आहे, हे शिक्षकालाही कामाला येतं.

एका वर्षी सहावीतली एक मुलगी वही घेऊन आली: ‘बाई, माझं शून्य आलं.’ तिने २१११ घेतली होती. २१११ − १११२ = ९९९. पुढे ९९९ − ९९९ = ०. वजाबाकी दोन्ही ठिकाणी बिनचूक होती. सगळा वर्ग तिच्या वहीभोवती जमला. मी फक्त विचारलं, ‘रीत मोडली की रीत लिहिताना काही राहिलं?’ पाच-सात मिनिटं वाद झाला. कुणी म्हणालं, कापरेकरांचंच चुकलं असेल. मग शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘संख्या चार अंकी पाहिजे ना, ही तर तीन अंकी झाली.’ पुढे शून्य लावून ०९९९ धरलं आणि गाडी चालायला लागली: ९९९० − ०९९९ = ८९९१, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि पुढे ६१७४. तेव्हा मुलांनी रीतीत स्वतःची एक ओळ घातली: ‘उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहावे.’ ती ओळ मी आजही दरवर्षी सांगत नाही. कुणीतरी २१११ सारखी संख्या घेतंच. नाही घेतली तर मी एखाद्याच्या कानात सांगते.

पुढच्या शनिवारी तीन अंकी संख्या. तिथे ४९५ येते. मुलं खूष होतात आणि दोन अंकी संख्येलाही असाच आकडा असेल असं गृहीत धरतात. करू द्या. ०९ वरून ८१, मग ६३, मग २७, मग ४५, मग पुन्हा ०९. बैल घाण्याला जुंपल्यासारखं फिरणं थांबतच नाही. काही मुलांनी दोन पानं भरली आणि मग विचारलं, ‘थांबायचं कधी?’ रीतीला थांबण्याचा नियम लागतो हे पुस्तकातून सांगून पटत नाही, दोन पानं भरल्यावर पटतं. मुलांनी नियम लिहिला: ‘आधी आलेली संख्या पुन्हा आली की थांबा.’

सातवीला इथे एक पाऊल पुढे न्या. दोन अंकीत येणाऱ्या सगळ्या संख्या नऊच्या पाढ्यातल्याच का? दशकस्थानी क, एककस्थानी ख धरलं तर १०क + ख मधून १०ख + क गेले, उरले ९ × (क − ख). बीजगणित कशासाठी शिकायचं हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही.

मसावि कात्रीने

हे थोडक्यात सांगते, कारण एका तासात होतं. ३० सेंमी लांब, १८ सेंमी रुंद कागद घ्या. त्यातून मावेल तेवढा मोठा चौरस कापा, १८ चा. उरलेल्या तुकड्यातून १२ चा. मग ६ चे दोन, आणि कागद संपला. शेवटचा चौरस ६ चा, आणि ३० व १८ चा मसावि ६. अवयव पाडायची गरज पडली नाही. लगेच ९१ आणि ११९ द्या. ९१ ही मूळ संख्या आहे असं वाटून मुलं अवयवांच्या रीतीत हमखास फसतात. इथे मात्र ११९ मधून ९१ गेले २८, ९१ मधून तीन वेळा २८ गेले ७, आणि ७ ने २८ ला पूर्ण भाग जातो. मसावि ७. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास सांगितलेल्या कुट्टकाच्या (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायच्या रीतीच्या) मुळाशीही हाच एकमेकांनी भागत जाण्याचा उद्योग आहे, हे सांगितलं की मुलं कात्रीकडे जरा आदराने बघतात.

रीती लिहिण्यासाठी प्रत्येकाला वेगळी वही ठेवायला लावा. डावीकडच्या पानावर रीत, उजवीकडे ती कुठे मोडली ते. उजव्या पानावर लाल शेरा मारू नका आणि गुणही देऊ नका. मी त्या पानाखाली फक्त तारीख घालते. वर्षअखेरीला पालक सभेत मुलं पालकांना उजवी पानंच आधी दाखवतात.

कापरेकरांचा धडा संपताना पाच अंकी संख्या देऊन ठेवा, सुट्टीसाठी. तिथे सगळ्यांचं एक उत्तर कधीच येत नाही. ५३९५५ घेणारा ९५५५३ − ३५५५९ = ५९९९४ करतो, त्यावरून ९९९५४ − ४५९९९ करून परत ५३९५५ वर येतो. दुसरी संख्या घेणारा कदाचित चार संख्यांच्या फेऱ्यात अडकतो. एकूण फेरे किती, हे मुलांना सांगू नका. त्यांच्या वह्या एकत्र ठेवून त्यांनाच मोजू द्या.