चरी, महाड आणि खोतीचे कागद: दप्तरखान्यात शिरण्याआधी

दप्तरखान्यात जुने सरकारी कागद बघायला निघताना ओळखपत्र, त्याच्या झेरॉक्स, कॉलेजचं किंवा ग्रामपंचायतीचं पत्र, डबा, पाणी. हे कुणी सांगायला नको. पेन्सिली चार घ्या, पेन बाहेरच ठेवावं लागतं. टोकयंत्र विसरलात तर शेजारच्याकडे मागता येईल.

मागता येणार नाही अशी एकच गोष्ट आहे: नंबराची चिठ्ठी. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या पन्नासेक कोऱ्या चिठ्ठ्या घरूनच कापून न्या. फाइल हातात आली की आधी एका चिठ्ठीवर ठळक पेन्सिलीने विभाग, वर्ष, फाइल नंबर आणि भाग लिहा, अगदी कव्हरवर आहे तसं, स्वतःची संक्षिप्त रूपं न करता. फोटोची परवानगी असेल तर ही चिठ्ठी प्रत्येक फोटोत कागदाच्या कडेला दिसली पाहिजे. फक्त पहिल्या फोटोत ठेवून भागत नाही, कारण फोन फोटो वेळेप्रमाणे लावतो आणि दोन फोनवरचे फोटो एकत्र केले की सगळा काला होतो. परवानगी नसेल आणि हाताने उतरवत असाल तर वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर तोच नंबर लिहा. नंबर नसलेला उतारा कुठे छापता येत नाही, कुणाला तपासता येत नाही आणि पुन्हा मागवताही येत नाही. बिननंबरी चारशे फोटो म्हणजे रद्दी, आणि तीही विकता न येणारी.

आता कोणता कागद कुठे, हे घरी बसून ठरवा. मुंबईतला राज्य पुराभिलेखागार, म्हणजे सरकारी दप्तरखाना, काळाघोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे कागद गावाप्रमाणे नाही, खात्याप्रमाणे लावलेले असतात. अलिबागजवळच्या चरीत कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, केलेल्या संपाची सुरुवात 27 ऑक्टोबर 1933 ची धरतात आणि तो 1939 पर्यंत चालला. पण नोंदसूचीत ‘चरी’ शोधत बसलात तर दिवस जाईल. महसूल खात्यात खोत आणि कुळं शोधा, होम डिपार्टमेंटच्या स्पेशल फाइलींत सभा, भाषणं, बंदीहुकूम शोधा. संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांचं नावही इंग्रजीत एकाच हिज्जेने येईल असं धरू नका. पोलिसांचे गुप्त गोषवारे वेगळे बघावे लागतात. सभेला किती माणसं होती याचा पोलिसांचा आकडा आणि वर्तमानपत्रातला आकडा जुळत नाही. दोन्ही उतरवा, कुठला कुठून आला तेही लिहा. म्हणजे पुन्हा नंबरच.

महाडचं तर आणखी विखुरलेलं. चवदार तळ्याच्या पाण्यासाठीचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, मनुस्मृतीचं दहन त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरचं. पण तळ्यावरचा दिवाणी दावा महाडच्या कोर्टात चालला, अपील ठाण्याला गेलं आणि हायकोर्टाचा निकाल 1937 मध्ये लागला. म्हणजे एकाच तळ्याचे कागद तीन दरवाजांमागे. हायकोर्टाचा निकाल नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने लॉ रिपोर्टरांत, म्हणजे निकालांच्या छापील संग्रहांत, आहे, त्यासाठी कोर्टाची पायरी चढू नका. बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाचे अंक शासनाने पुन्हा छापलेत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा 1923 चा बोले ठराव आणि बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मांडलेलं खोतीविरोधी विधेयक कायदेमंडळाच्या छापील कामकाजात आहे. छापील आहे ते आधी वाचून या. दप्तरखान्यातला वेळ त्यावर घालवणं हा शुद्ध अपव्यय.

जिल्ह्यांची जुनी नावं पाठ पाहिजेत. रायगड हा 1981 पर्यंत कुलाबा होता, आणि जुन्या इंग्रजी नोंदींत त्याचं पहिलं अक्षर कधी ‘के’ असतं, कधी ‘सी’. सिंधुदुर्ग 1981 आधी नाहीच, तिथलं सगळं रत्नागिरीत बघायचं. मात्र मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानात होते आणि सावंतवाडी हे वेगळं संस्थान, दोन्ही 1948 पर्यंत. तिथल्या कुळांचा तंटा ब्रिटिश कुलाब्याच्या किंवा रत्नागिरीच्या फाइलीत शोधून मिळणार नाही, पोलिटिकल डिपार्टमेंटकडे वळा. आणखी एक: मुंबई इलाख्यातलं महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होई. फाइलीवर 1933-34 असेल तर त्यात जुलै 33 चा कागद शोधू नका.

तालुक्याला जाणार असाल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागण्यापूर्वी सर्व्हे नंबर हाताशी ठेवा. 1949 चा खोती निर्मूलन कायदा आणि 1948 चा कुळकायदा यांचे परिणाम जुन्या फेरफारांत, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींत, दिसतात. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली; त्यानंतरचे, कुळाने द्यायची किंमत ठरवणारे कुळकायद्याच्या कलम बत्तीस-गचे निकाल वेगळ्या गठ्ठ्यात असतात, ते स्वतंत्र मागा. नकलेवरही फेरफार नंबर आहे ना बघा. नसेल तर तिथेच पेन्सिलीने लिहून घ्या, घरी येऊन नाही.

खोतांच्या घरचं दप्तर बहुधा मोडी लिपीत. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस आधी ठरवा. ‘बघू, अक्षरं लागतील’ म्हणून कुणी जाऊ नये, नाही लागत. मापं समजून घ्या: खंडी म्हणजे वीस मण. पण मण किती शेरांचा हे गावागणिक बदलतं, म्हणून किलोत गणित करून टाकू नका, मूळ माप तसंच लिहा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पई. शके आला तर 78 मिळवा, आणि पौषापासूनची तिथी असेल तर बहुधा 79.

घरोघरीचे कागद मागताना लक्षात ठेवा, कोकणात जमिनीचा कागद बाहेर काढा म्हटलं की माणूस आधी दावा समजतो. वाटणीचं प्रकरण चालू असेल तर दारही उघडणार नाही. सातबाऱ्याशी आपला संबंध नाही हे ओटीवरच सांगा. मूळ कागद घरी आणायचा नाही, ‘चार दिवसांनी देतो’ हेही नाही. घरच्या कागदाला सरकारी नंबर नसतो, तेव्हा गाव, घर, गठ्ठा, पान असा तुम्हीच द्या, आणि चिठ्ठी इथेही कडेला ठेवा. ठेवाच.

पावसाळ्यात शक्यतो जाऊ नका. मांडवा-गेटवे लाँच बंद असते हा एक भाग झाला, त्याहून वाईट म्हणजे दमट हवेत जुने कागद एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलात की शाई वरच्या पानाबरोबर निघून येते. चिकटलेलं पान सोडून द्या. ओला गठ्ठा उन्हात टाकू नका, सावलीत कोऱ्या कागदावर पसरा. सेलोटेप अजिबात नाही, त्याचा गोंद पिवळा पडून अक्षर खातो. कसर, वाळवी दिसली तर घरच्यांना सांगा, स्वतः फवारणी करू नका.

घरी आल्यावर त्याच रात्री फोटोंची नावं नंबराप्रमाणे बदला. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. जिवंत माणसांची जमीन-जातीची माहिती गाळून मगच इतरांना द्या. ज्या घरचे कागद पाहिले त्यांना छापील प्रती पाठवा.