छोटा इंग्लिश क्लब वर कसा गेला आणि बुडाला का, हे कसं शोधायचं

आधी गोल-बिल बाजूला ठेवा, पैसा कोणाच्या खिशातून येत होता ते बघा. उदाहरणाला रश्डन अँड डायमंड्स घेऊ, माझ्या मते याहून सोपी केस नाही.

पहिलं काम, विकिपीडियावरून प्रत्येक सीझनला क्लब कुठल्या डिव्हिजनमध्ये होता ते कागदावर उतरवा. १९९२ ला दोन गावांचे क्लब एकत्र येऊन हा बनला, २००१ ला कॉन्फरन्स (फुटबॉल लीगच्या लगेच खालची स्पर्धा) जिंकून फुटबॉल लीगमध्ये (प्रीमियर लीगखालच्या तीन डिव्हिजन), २००३ ला थर्ड डिव्हिजनचा (तेव्हाची चौथी पातळी) चॅम्पियन, आणि २००६ ला परत लीगच्या बाहेर. जिथे क्लब एकदम वर किंवा खाली जातो तिथे वर्तुळ काढा, आणि त्या वर्षी मालक कोण होता ते शेजारी लिहा.

इथे मालक मॅक्स ग्रिग्ज, डॉक मार्टिन्सचे बूट बनवणारा माणूस. इर्थलिंगबरोसारख्या छोट्याशा गावात त्याने नेन पार्क हे स्टेडियम उभं केलं, सहा हजारांच्या वर प्रेक्षक मावतील एवढं! १९९९ ला एफए कपमध्ये (छोटे-मोठे सगळे इंग्लिश क्लब खेळतात ती बाद स्पर्धा) प्रीमियर लीगमधल्या लीड्सला तिथे ०-० वर रोखलं होतं (रीप्ले ३-१ ने हरले, पण ते सोडा). मग बुटांचा धंदा मंदावला, २००३ ला बरंचसं उत्पादन चीनला गेलं, आणि २००५ ला ग्रिग्ज बाजूला होऊन क्लब समर्थकांच्या ट्रस्टकडे आला. म्हणजे तुमच्या कागदावर २००५ आणि २००६ शेजारीशेजारी येतात, आता कळलं ना वर्तुळं का काढायला सांगितली.

आत्ता चालू असलेला क्लब तपासायचा असेल तर कंपनीज हाऊसच्या (ब्रिटनचं सरकारी कंपनी नोंदणी कार्यालय) साइटवर जा, फुकट आहे, क्लबच्या कंपनीचं नाव टाका आणि फाइलिंग हिस्ट्री (कंपनीने जमा केलेल्या कागदपत्रांची यादी) उघडा. आर्थिक वर्ष संपल्यावर हिशोब द्यायला प्रायव्हेट कंपनीला ९ महिने मिळतात, तेही उलटून गेले असतील तर कान टवकारा. बॅलन्स शीटमध्ये वर्षाच्या आत फेडायची देणी किती आणि त्यात मालकाचंच कर्ज किती, हे बघाच, कारण मालक कंटाळला की तोच आकडा क्लबच्या मानगुटीवर बसतो.

मैदान कोणाच्या नावावर आहे तेही विचारा, कारण क्लब संपला तरी मैदान दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. रश्डनला २०११ ला कॉन्फरन्सने बाहेर काढलं, क्लब संपला, आणि नेन पार्कवर खेळायला आला कोण, तर शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी केटरिंग! २०१७ ला ते स्टेडियमही पाडलं.

आणि हो, एएफसी रश्डन अँड डायमंड्स हा समर्थकांनी २०११ ला काढलेला वेगळा क्लब आहे, त्याचे निकाल जुन्या कागदावर चढवू नका.