बेल हाउसिंगखालचा थेंब: जुन्या माझ्दा मियाटावर ऑइलची गळती कशी शोधावी

गाडीखाली तेलाचा डाग दिसला, तो इंजिन आणि गिअर बॉक्सच्या सांध्यावरच्या कवचाखाली, म्हणजे बेल हाउसिंगखाली असला, की शिकाऊ मेकॅनिकच्या तोंडून पहिलं वाक्य येतं: ‘मागचं मेन सील गेलं.’ पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५वर, म्हणजे १९८९ ते १९९७ दरम्यानच्या मियाटावर, हे वाक्य गिऱ्हाइकाला फार महागात पडतं. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारं ते सील बदलायचं तर गिअर बॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम सोडवा, गिअर बॉक्स उतरवा, मग क्लच आणि फ्लायव्हील काढा. एवढं सगळं करून गाडी परत जमिनीवर आली की डाग तसाच. कारण या गाडीत तिथे येणारं तेल बऱ्याचदा वरून आलेलं असतं, इंजिनाच्या हेडच्या मागच्या टोकाला बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरच्या (कॅमशाफ्टची स्थिती मोजणाऱ्या भागाच्या) ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी कड्यातून. ती बदलायला एक बोल्ट काढावा लागतो.

म्हणून आधी गळतंय ते काय, हे ठरवा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा आणि चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा त्यावर करा, म्हणजे सकाळी डाग कशाच्या खाली पडला ते कळेल. लालसर, पातळ तेल पुढच्या बाजूला असेल तर पॉवर स्टिअरिंग. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल. गोडसर वास आणि हिरवट रंग म्हणजे कूलंट. तेव्हा रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी बघा. ती मुळात काळी असते, तपकिरी पडली असेल तर तडकायला आली आहे असं समजा. एसी लावून आल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी ही गळतीच नव्हे.

फसवतं ते क्लचचं फ्लुइड. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब फ्लुइडमार्फत घेऊन क्लच सोडवणारा) गिअर बॉक्सच्या बाजूला असतो, आणि आतली रबरं झिजली की त्यातून येणारं फ्लुइड काळं झालेलं असतं. ते थेट इंजिन ऑइलसारखं दिसतं, आणि जागाही तीच. दोन्हींत फरक करायचा सोपा उपाय: एक थेंब कपभर पाण्यात टाका. ऑइल वर तरंगतं, ब्रेक-क्लचचं फ्लुइड पाण्यात मिसळून जातं. शंका उरली तर सिलिंडरचं रबरी बूट बोटाने मागे सरकवा. आत ओलं असेल तर काम तिथेच आहे.

इंजिन ऑइलच आहे हे नक्की झालं की सगळं धुऊन काढा. हे वगळून टॉर्च मारत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, कारण वर्षानुवर्षं साचलेल्या काळ्या थरात ताजं तेल ओळखता येत नाही. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, वायरिंगच्या कनेक्टरांवर प्लास्टिकची पिशवी बांधा, पाण्याचा जोर कमी ठेवा. वाळल्यावर १५-२० किलोमीटर चालवून आणा आणि मग बघा. गाडीखाली जायचं असेल तर स्टँडवरच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. वारा तेल मागे फेकतो आणि वजन ते खाली ओढतं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. एवढं करूनही दिसलं नाही तर तेलात यूव्ही डाय टाका, मात्रा बाटलीवर लिहिलेली असते. थोडं चालवून अंधारात यूव्ही दिवा मारला की तेलाची वाट पिवळट-हिरवी चमकते.

आता बॉनेट उघडून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याकडे या. हेड आणि फायरवॉल यांच्या चिंचोळ्या जागेत सेन्सर बसलेला दिसेल. त्याच्या खालून बोट फिरवा. बोट ओलं, आणि तिथून हेडच्या मागून बेल हाउसिंगवर उतरणारी चकचकीत रेघ, असं दिसलं तर बहुधा चोर सापडला.

सेन्सर सोडवण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर मिळून एक सरळ रेघ ओढा, सुईने किंवा पांढऱ्या मार्करने. सेन्सर फिरवला की इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ बदलते, म्हणून ही रेघ फार मोलाची. कनेक्टर काढा. बोल्ट १२ मिमीचा, पण डोळ्यांना दिसत नाही. आखूड पाना लावून चाचपत सोडवावा लागतो. मग सेन्सर हलकेच डावी-उजवीकडे हलवत मागे ओढा. जुनी ओ-रिंग रबराची राहिलेलीच नसते: प्लास्टिकसारखी कडक, बाहेरून चपटी, नखाने दाबली तर दबत नाही. ती कापून काढा, पण खाचेवर ओरखडा उठू देऊ नका. नवीन रिंग त्या ओरखड्यातूनच गळेल. नवी रिंग शक्यतो व्हायटनची घ्या, कारण ती उष्णता जास्त सोसते. तिला इंजिन ऑइल चोळा आणि सेन्सर बसवा. कॅमशाफ्टमध्ये अडकणारी त्याची जीभ मध्यापासून सरकलेली असल्याने तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर ठोकू नका, जीभ फिरवून बघा. रेघ जुळवा, बोल्ट आवळा. तरीही टायमिंग लाइट लावून तपासाच: इंजिन गरम, डायग्नोस्टिक बॉक्समध्ये TEN आणि GND (ग्राउंड) असं लिहिलेल्या दोन पिना तारेने जोडलेल्या, आयडल ८५० आरपीएमच्या आसपास, आणि खूण वरच्या डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) १० अंश आधी.

सेन्सर कोरडा निघाला तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं पॅकिंग बघा. स्पार्क प्लगच्या वायरी काढल्यावर विहिरींत तेल दिसलं तर पॅकिंग गेलंच. नवं बसवताना कॅमच्या पुढच्या आणि मागच्या टोपणांपाशी, जिथे कोपरा तयार होतो तिथे, सीलंटचा छोटा ठिपका हवा. तो विसरला की नवं पॅकिंगही तिथूनच पाझरतं. बोल्ट ५ ते ९ न्यूटन-मीटर एवढेच आवळायचे. जास्त आवळलं की पॅकिंग चेपतं आणि गळती वाढते. त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणारे वायू बाहेर जाऊ देणारी झडप) काढून हलवा. तो खुळखुळला पाहिजे. तुंबलेला असेल तर इंजिनात दाब साठतो आणि चांगली सीलंसुद्धा पाझरू लागतात.

नुकतंच ऑइल बदललं असेल तर घाई करू नका. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अडचणीत बसतो, काढताना त्यातलं तेल क्रॉस मेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या बीमवर) सांडतं आणि पुढे कितीतरी दिवस ठिबकत राहतं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली का, हेही बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर तेल जोरात बाहेर येतं.

ओ-रिंग बदलल्यावरही बेल हाउसिंगमध्ये साचलेलं तेल आठवडाभर पडत राहील. खालून एकदा पुसा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, पुठ्ठा पुन्हा ठेवा. वरची वाट कोरडी आणि तरीही खालच्या सांध्यातून ताजं तेल येत असेल, तर मात्र ते मेन सीलच. ठिबकणं थोडकं असेल आणि क्लच घसरत नसेल तर ऑइलची पातळी दर आठवड्याला तपासत गाडी चालवा, आणि क्लच बदलायला गिअर बॉक्स उतरेल तेव्हा सीलही बदलून घ्या.