अँटिगनीसाठी कापडी मुखवटे

ग्रीक शोकांतिका म्हटली की आ वासलेल्या तोंडाचा, कपाळावर केसांचा उंच डोलारा असलेला मुखवटा डोळ्यांपुढे येतो. तो ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या काळातला नव्हे, पुष्कळ नंतरचा. नेपल्सच्या संग्रहालयात इ.स.पू. ४०० च्या सुमाराचं एक मोठं मद्यपात्र आहे. त्यावरच्या नटांच्या हातातले मुखवटे माणसाच्या साध्या चेहऱ्यासारखे आहेत: ओठ किंचित विलग, केस मुखवट्यालाच जोडलेले. सोफोक्लिसचं ‘अँटिगनी’ हे नाटक इ.स.पू. ४४१ च्या सुमाराचं, म्हणून त्याच्या मुखवट्यांसाठी हाच नमुना धरावा. त्या काळचा खरा मुखवटा एकही उरलेला नाही, कारण ते बहुधा जवसाच्या धाग्याचं कापड खळ लावून कडक करून बनवत. जुन्या सुती धोतरावर तेच काम उत्तम होतं.

सांगली-मिरजेच्या हवेत हे काम दिवाळी ते होळी या काळातच करा. पावसाळ्यात कृष्णाकाठी खळ आतून वाळतच नाही आणि चार दिवसांत बुरशी धरते.

आधी भूमिका वाटून घ्या, कारण मापं त्यावर ठरतात. ग्रीक प्रथेप्रमाणे बोलणारे नट तीनच, सगळ्या भूमिका त्यांनीच करायच्या. एकाकडे अँटिगनी, हेमॉन, तिरेसियस आणि राणी युरिडिसी. दुसऱ्याकडे इस्मेनी, पहारेकरी आणि निरोप्या. तिसऱ्याकडे फक्त राजा क्रेऑन. म्हणजे पहिल्या नटाच्या डोक्याला चार मुखवटे बसायला हवेत. प्रत्येक नटाच्या मापाचा एक गाभा करून चेहरा तेवढा बदलत जाणं सोपं पडतं.

गाभ्यासाठी मातीचं मडकं पालथं घाला. नटाच्या डोक्याचा घेर कपाळावरून मोजा आणि गाभ्याचा घेर त्याहून ३ ते ४ सेंटीमीटर जास्त ठेवा. ही जागा आतल्या अस्तराला लागते. मडक्यावर ४ ते ५ किलो शाडू चढवून चेहरा घडवा. भुवया, नाकाचा दांडा आणि गालाची हाडं प्रत्यक्षापेक्षा थोडी ठळक हवीत. हे नाटक दिवसाउजेडी व्हायचं, प्रेक्षक डोंगर-उतारावर दूरवर बसायचे. तिथून चेहरा वाचता येतो तो सावल्यांमुळे, रंगामुळे नव्हे.

खळीसाठी १०० ग्रॅम मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एकूण ६०० मिलिलिटर पाणी होईल एवढं घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पाव चमचा तुरटी घाला. बुकबाइंडर किडीसाठी मोरचूद घालतात, तो इथे अजिबात नको. मुखवटा तासभर नटाच्या ओठांशी असतो आणि मोरचूद विषारी आहे.

कापडाच्या ५ सेंटीमीटर रुंद पट्ट्या तिरक्या कापा, म्हणजे त्या नाकाच्या बाजूला आणि हनुवटीखाली चुण्या न पडता वळतात. शाडूवर साबणाचं पाणी फिरवा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेला, पुढचे पाच खळीचे. दर दोन थरांनंतर सावलीत पूर्ण वाळू द्या. इथे घाई केली की काम बिघडतं: उन्हात ठेवलं तर वरचा थर आवळतो, आतला ओला राहतो आणि जबडा वाकडा होतो. नाकाच्या शेंड्यावर एक जादा तुकडा द्या, आधी तोच झिजतो.

वाळल्यावर मागून मानेपासून टाळूपर्यंत उभा छेद द्या, गाभा काढा, छेद पट्ट्यांनी सांधा. बुबुळाच्या जागी १२ ते १४ मिलिमीटरचं भोक, तोंडाची फट ५ सेंटीमीटर रुंद आणि दीड सेंटीमीटर उंच. केसांखाली झाकलेली कानांची भोकं विसरू नका. ती नसली तर नटाला स्वतःचाच आवाज घुमून ऐकू येतो आणि समोरच्याचं वाक्य चुकतं. मग ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहातल्या वर्तुळाकार रंगभूमीएवढ्या, म्हणजे सुमारे २० मीटर अंतरावरून बोलून पाहा. ‘स’ आणि ‘श’ एकसारखे ऐकू आले तर फट आतल्या बाजूने तासून कड पातळ करा. फट वाढवण्याची घाई नको.

आतून लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर घामाने खळ सुटते. कपाळाशी आणि टाळूला कापसाच्या गाद्या शिवा. बाहेरून खडूची पूड आणि डिंकाचं पाणी यांचा पातळ लेप, मग चकाकी नसलेला रंग: स्त्रियांचे चेहरे पांढरट, पुरुषांचे तांबूस-सावळे. सगळे नट पुरुषच असत, त्यामुळे हा फरक प्रेक्षकाला दुरूनच कळायचा. केसांसाठी अंबाडीचा वाख रंगवून शिवा. डिंकाने चिकटवलेला वाख मान हलली की गळतो. केसांसकट वजन ४५० ग्रॅमच्या वर गेलं की नट हनुवटी पाडून बोलू लागतो.

कोरसातल्या, म्हणजे गाणाऱ्या समूहातल्या, थेबिस नगरीच्या १५ वृद्धांचे चेहरे एकसारखे हवेत. त्यासाठी गणपती करणाऱ्या कारखान्यातून प्लॅस्टरचा एकच साचा पाडून घ्या आणि पट्ट्या आतून दाबत जा. माणसं भजनी मंडळातून घ्यावीत, एकसुरात म्हणणं आणि पावलं जुळवणं त्यांच्या अंगात असतं. साथीला बासरीपेक्षा सनई बरी, कारण ग्रीकांचं औलोस हे पत्तीचंच वाद्य होतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हाही पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं त्यावर वावरायची. इथल्या प्रेक्षकाला गाणाऱ्या समूहाचं वावडं नाही.

तालीम पहिल्या आठवड्यापासून मुखवट्यातच घ्या. बुबुळाच्या भोकातून बाजूचं दिसत नाही, म्हणून नुसती नजर न वळवता मान आणि खांदे एकत्र वळवायची सवय लागावी लागते. चेहऱ्याला हात लावू देऊ नका. मुखवटा लगेच निर्जीव दिसतो. सर्वांत घाईचा बदल पहारेकऱ्याचा: क्रेऑन त्याला जायला सांगतो आणि अँटिगनी-क्रेऑनच्या वादातच तोच नट इस्मेनी होऊन परततो. इस्मेनीचा मुखवटा विंगेत मडक्यावर, चेहरा प्रवेशाच्या दिशेला करून ठेवा आणि तिची वस्त्रं पहारेकऱ्याच्या अंगरख्याखाली आधीच नेसवा.