ड्वार्फ फोर्ट्रेसमधलं शिंगकाम : या चुका टाळा

ड्वार्फ फोर्ट्रेस म्हणजे बुटक्या ड्वार्फांचा किल्ला चालवायचा कॉम्प्युटर गेम, आणि त्यात शिंग हा मुद्दाम कमवायचा माल नाही. मांसासाठी जनावर कापलं की चामडं, हाडं, चरबी यांच्यासोबत तेही पदरात पडतं. नवखी पोरं मात्र पहिल्याच वर्षी शिंगांसाठी म्हशींचा कळप घेऊन बसतात, कुरण देतात अंगणाएवढं, आणि गवत संपून म्हशी मेल्या की गेमला नावं ठेवतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

गेम २००६ मधला. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला, नीट चित्रं आली, माउस चालायला लागला, तरी कुडाळ-सावंतवाडीकडची आमची मंडळी त्याच खड्ड्यात पडतात. मी चाळिशीनंतर शिंगं मोडून वासरांत शिरलोय, म्हणून निस्तरायला मला बोलावतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे लाकडी बिन, म्हणजे माल भरायची पेटी. शेजारच्या पोराने अख्खा हिवाळा खपून शिंगाच्या अंगठ्या, मूर्ती, ताईत करून घेतले. वसंतात एल्फांचा, म्हणजे झाडांना जपणाऱ्या रानातल्या लोकांचा, व्यापारी तांडा आला, पिंजऱ्यांत एकेक तगडं जनावर. त्याला ती जनावरं हवीच होती. डेपोत, म्हणजे सौद्याच्या जागी, शिंगाच्या मालाने भरलेलं बिन होतं, त्याने त्यावरच टिचकी मारली आणि सौदा पुढे केला. एल्फ भडकले आणि गाशा गुंडाळून निघाले. "दादा, हे खंय चल्ले?" त्याला वाटलं, जनावर मारल्याचा राग आला. शिंगाचं एल्फांना काही वावडं नाही, झाड तोडल्याचं आहे. बिन लाकडाचं होतं आणि मालासकट तेही विकायला काढलेलं! मी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं, पण बिन उघडून एकेक वस्तू निवडायचा कंटाळा. वर्षभर वाट बघ म्हटलं.

माझी सवय अशी की एल्फ आले की बिन उघडायचं, आतल्या वस्तू एकेक निवडायच्या आणि बिनला हात लावायचा नाही. वस्तूवर लाकडाची नक्षी नाही ना, तेही बघायचं. जमलं तर लोहाराकडून धातूची बिनं करून घ्या. एवढी यातायात नको असेल तर तो माल उन्हाळ्यात येणाऱ्या माणसांना विका. त्यांना बिन कशाचंही चालतं.

दुसरी चूक हावरटपणाची. किल्ल्यावर मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा राक्षस, चालून येतो, शिपाई त्याला लोळवतात आणि लगेच मेसेज येतो, "दादा, काय जबरी शिंगं! बुचर (खाटीक) उचलत का नाही?" नाहीच उचलणार. मिनोटॉरला अक्कल आहे आणि अक्कल असलेल्या जिवाला ड्वार्फ कापत नाहीत. सेटिंग शोधत बसू नका, प्रेत पुरा. ड्वार्फने पाळीव म्हणून आपलीशी केलेली शेळीही कापता येत नाही, हेही आताच ऐकून ठेवा.

शिंगं हरवतात अशी तक्रार असते. ती हरवत नाहीत, रेफ्यूज स्टॉकपाइलमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या साठ्यात, कुजक्या मुंडक्यांच्या ढिगात पडलेली असतात. फक्त शिंगांपुरता वेगळा रेफ्यूज स्टॉकपाइल करा आणि तो क्राफ्ट्सड्वार्फच्या, म्हणजे कारागिराच्या, वर्कशॉपला जोडा. शिंगं कुजत नाहीत, त्यामुळे तो जमिनीखाली असला तरी मायाज्मा, म्हणजे कुजल्याचा दर्प, सुटत नाही. बुचर शॉप मात्र उघड्यावर हवं.

बाहेर मारलेलं जनावर तिथेच सडतं, कारण बाहेरचा कचरा उचलायचा नाही असा हुकूम आधीपासून लागू असतो. तो बदला. सडलेलं प्रेत बुचरच्या काही कामाचं नाही.

आता मोलाबद्दल. साध्या जनावराच्या शिंगाला मुळात किंमत कमी, पैसा येतो तो हातातल्या कसबातून. उत्तम कारागिरीची, म्हणजे मास्टरवर्क वस्तू मूळ किमतीच्या १२ पट जाते. तरी लोक वर्कशॉप सगळ्यांना मोकळं सोडतात आणि कालपर्यंत दगड वाहणारा ड्वार्फ येऊन वाकडीतिकडी अंगठी कोरून जातो. हे बघवत नाही. शिंगकामही बोन कार्व्हरचंच, म्हणजे हाडं कोरणाऱ्याचंच, तेव्हा वर्कशॉप त्या एकाच्याच नावावर करा. तो झोपला असेल तर उठेपर्यंत थांबा. थांबणंच यांना जमत नाही.

'शिंगाने सजवा' हे काम जपून द्या. कुठली वस्तू सजवायची ते ड्वार्फ ठरवतो, आणि तो जवळ असेल ती उचलतो, मग ती टाकाऊ का असेना. सजवायच्या वस्तूंचाही वेगळा साठा जोडा.

जूननंतर आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून ऑटोसेव्ह दर ऋतूला लावून ठेवा. आणि शिंगाचे बोल्ट, म्हणजे क्रॉसबोचे बाण, यादीत का दिसत नाहीत, असं मला पुन्हा विचारू नका. बोल्ट हाडांचे होतात, शिंगाचे होत नाहीत.