उंब्रियाच्या डोंगरांत मोटारींविना सायकल कशी चालवावी

मध्य इटलीत सायकल चालवायची म्हटली की बहुतेकांना तोस्कानाची ती सरूच्या झाडांची वळणं आठवतात. फोटोतला तो रस्ता सुंदर असतो, पण त्यावर बऱ्याचदा मोटारीही असतात, आणि चढ असा की सामान लादलेली सायकल हातात धरून ढकलावी लागते. मोटारी नकोत आणि चढही झेपेल असा हवा, या दोन्ही अटी डोंगराळ भागात एकत्र जुळतात त्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर. इंजिनाला खडा चढ चढता येत नाही, म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी बोगदे खोदले, पूल बांधले, डोंगराला वळसे घातले. रूळ उखडले गेले आणि ती सगळी मेहनत सायकलवाल्यांच्या पदरात पडली. म्हणून माझा सल्ला असा की आधी जुनी रेल्वे निवडा, प्रदेश मग ठरवा.

मार्ग निवडणं

इटलीत असे मार्ग बरेच आहेत. उत्तरेला दोब्बियाकोहून कोर्तिनामार्गे कालाल्झोपर्यंत डोलोमाइट पर्वतांतून जाणारी वाट आहे. तिथली रेल्वे 1964 मध्ये बंद झाली. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून समुद्रकाठच्या ग्रादोला जाणारा आल्पे-आद्रिया मार्ग तार्विझिओनंतर असाच जुन्या लोहमार्गावरून उतरतो. पण ते आल्प्स. डोंगर, गावं, शेतं आणि चांगलं जेवण असा ग्रामीण इटलीचा अनुभव हवा असेल तर मी उंब्रिया प्रांतातली स्पोलेतो ते नोर्चा ही वाट सुचवेन.

ही अरुंद रुळांची, पहिल्यापासून विजेवर चालणारी रेल्वे 1926 मध्ये सुरू झाली आणि 1968 मध्ये बंद पडली. आखणी एर्विन थोमान या स्विस इंजिनिअरची. लांबी साधारण 51 किलोमीटर, त्यात 19 बोगदे आणि दोन डझन पूल.

तोस्कानातल्या ‘स्त्रादे ब्यांके’, म्हणजे पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्यांची गोष्ट वेगळी. तिथे मोटारी कमी असतात, पण असतात. एखादी गाडी धुरळा उडवत जवळून जाते आणि चढ कुठे अचानक छातीवर येईल याचा नेम नसतो. लहान मुलं किंवा नवखे सोबत असतील तर आधी रेल्वेची वाट करा.

चढाचा अंदाज घेणं

आपल्या बोरघाटात कर्जत-लोणावळा चढ 37 ला 1 आहे, आणि गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. स्पोलेतो-नोर्चा मार्गावर सर्वांत कडक चढ 22 ला 1 च्या आसपास होता. म्हणजे शंभर मीटरला साडेचार मीटर. रेल्वेसाठी हे भलतंच, पण सायकलसाठी बेताचं. हलका गिअर टाकून बोलत बोलत चढता येतं.

स्पोलेतो समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर आहे. तिथून वाट डोंगराला वळसे घेत काप्रारेच्चाच्या बोगद्यापर्यंत, सव्वासहाशे मीटरच्या आसपास चढते. पलीकडे ती नागमोडी उतरून नेरा नदीच्या खोऱ्यात येते आणि मग नदीच्या साथीने हळूहळू चढत 600 मीटरवरच्या नोर्चाला पोचते. मोठा चढ पहिल्या आठ-नऊ किलोमीटरांतच संपतो, म्हणून सुरुवात स्पोलेतोहून करा. पाय ताजे असताना तो होऊन जातो.

सायकल आणि सामान

वाट खडीची आहे. काही ठिकाणी दगड मोठे आहेत. रस्त्यावरच्या शर्यतीची बारीक चाकांची सायकल इथे त्रास देते. किमान चाळीस मिलिमीटर रुंद टायर असलेली ट्रेकिंग किंवा ग्रॅव्हल सायकल घ्या, नाहीतर सरळ माउंटन बाइक. स्पोलेतोत सायकली भाड्याने मिळतात, बॅटरीवाल्याही. हेल्मेट, पंक्चरचं सामान आणि एक जादा ट्यूब हवीच.

पण सगळ्यांत जास्त लक्ष दिव्याकडे द्या. काप्रारेच्चाचा बोगदा जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे. बाहेर जुलैचं ऊन असलं तरी आत शिरल्यावर काही मिनिटांत दातांवर दात वाजायला लागतात. वरून पाणी ठिबकतं, जमीन ओली आणि मऊ होते, आणि सायकलच्या चाकांचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. काळोख इतका दाट असतो की दिवा नसेल तर स्वतःचं हँडलही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च इथे पुरत नाही. हँडलवर पक्का बसणारा, चार्ज केलेला पुढचा दिवा आणि मागे लाल दिवा हवा. समोरून सायकलवाले आणि पायी चालणारेही येतात, तेव्हा झोत थोडा खाली ठेवा, वेग कमी ठेवा आणि उजवी बाजू सोडू नका. पुढचे काही बोगदे वळणाचे आहेत. त्यांत शिरल्यावर पलीकडचं तोंड दिसत नाही, म्हणून ते लांबीने छोटे असले तरी दिवा आधीच लावा. बोगद्यात चमकणारं जॅकेट घालणं इटलीच्या वाहतूक नियमांप्रमाणे सायकलस्वारावर बंधनकारक आहे. ते आणि एक पातळ स्वेटर पिशवीत वरच ठेवा, तळाशी नको.

पोचणं

रोमच्या तेर्मिनी स्थानकातून स्पोलेतोला थेट गाड्या आहेत, प्रवास साधारण दीड तासाचा. स्वतःची सायकल असेल तर ‘रेजोनाले’ म्हणजे प्रादेशिक गाडी पकडा. सायकलचं चित्र असलेल्या डब्यात थोडं जास्तीचं तिकीट काढून ती नेता येते. वेगवान गाड्यांत ती सुटी करून पिशवीत भरावी लागते. कागदी प्रादेशिक तिकिटावर फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, विसरलात तर दंड होतो.

एप्रिल ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि 15 तारखेच्या आसपास अख्खा देश सुट्टीवर जातो. खोल्या मिळत नाहीत.

प्रत्यक्ष दिवस

निघण्याआधी त्या आठवड्यातली वाटेची स्थिती स्थानिक पर्यटन कार्यालयात विचारा. दरडी कोसळतात, बोगदे दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. ‘किऊझो’ म्हणजे बंद आणि ‘फ्राना’ म्हणजे दरड, अशी पाटी दिसली की अडथळा ओलांडून जाऊ नका, परत फिरून पर्याय विचारा. खोऱ्याच्या वरच्या भागात काही ठिकाणी मोटाररस्त्याचा आधार घ्यावा लागू शकतो. आणि स्पोलेतोहून खोऱ्यात जाणारा मोटारींचा मोठा बोगदा नकाशात जवळचा दिसला तरी तिकडे वळू नका.

सकाळी लवकर चढायला लागा. बोगदा पार केल्यावर उतारावर ब्रेक दोन्ही हातांनी थोडे थोडे दाबत राहा, सैल खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक घसरतं. खाली सान्त’अनातोलिया दि नार्को येतं. सुमारे अठरा-एकोणीस किलोमीटर झालेले असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथे थांबायला हरकत नाही. गावात भांगेच्या धाग्याचं एक छोटं संग्रहालय आहे, कारण या खोऱ्यात पूर्वी त्या धाग्याचं कापड विणलं जायचं. थोडं पुढे सान फेलिचेचं जुनं दगडी चर्च लागतं. त्याच्या दर्शनी भागावर संत आणि ड्रॅगनची कोरीव पट्टी आहे, ती जवळ जाऊन पाहा.

दुपारी एक ते चारच्या दरम्यान गावातली दुकानं बंद असतात. पाणी आणि खाणं त्याआधीच भरून घ्या. गावातल्या नळावर ‘नोन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. खोऱ्यात मोबाइलची रेंज अधूनमधून जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. अडचणीत 112 हा क्रमांक.

जेवण आणि मुक्काम

नोर्चा डुकराच्या मांसाच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी नीट विचारून मागवावं. कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर अप्रतिम असते, पण तिच्या सुपात सॉसेज घालण्याची पद्धत आहे. ‘स्त्रांगोत्सी’ हा इथला जाड शेवयांसारखा पास्ता काळ्या ट्रफलबरोबर, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुगंधी अळंबीबरोबर मिळतो, आणि त्या ट्रफलच्या सॉसमध्ये बऱ्याचदा खारवलेले अँचोव्ही मासे वाटलेले असतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा अच्चूगे’, म्हणजे मांस नको, अँचोव्ही नको, एवढं म्हणायला शिका. स्वयंपाकी बहुतेक वेळा आनंदाने वेगळं करून देतात.

30 ऑक्टोबर 2016 च्या भूकंपाने नोर्चाचं फार नुकसान केलं. संत बेनेदिक्तच्या जन्मगावी त्याच्या नावाने उभ्या असलेल्या चर्चची जवळजवळ फक्त दर्शनी भिंत उरली होती. गाव त्यानंतर वर्षानुवर्षं पुन्हा उभं राहत आहे. तिथे मुक्काम करा, तिथल्या दुकानातून मसूर आणि चीज घ्या. त्या पैशाची तिथे खरंच गरज आहे. खोली मात्र आधी ठरवून ठेवा.

नोर्चाला रेल्वे नाही आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं धरून चालू नका. हंगामात सायकलींसह माणसं नेणाऱ्या गाड्या मिळतात. त्यांची चौकशी स्पोलेतोत सायकल घेतानाच करा. पाय शाबूत असतील तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत या. फक्त काप्रारेच्चाचा चढ आता दुसऱ्या बाजूने आणि दिवसाच्या शेवटी येतो, म्हणून नोर्चाहून लवकर निघा. आणखी एक दिवस हाताशी असेल तर स्पोलेतोहून आसिसीकडे नद्यांच्या काठाने जाणारा जवळजवळ सपाट सायकलमार्ग घ्या, अंतर पन्नासेक किलोमीटर. आसिसीचं रेल्वे स्थानक टेकडीच्या पायथ्याशीच आहे, तिथून सायकलीसह रोमची प्रादेशिक गाडी मिळते.